बटण दाबलं आणि फाइल्स उडाल्या: एका क्लिकमागे नेमकं काय चालतं?

जानेवारी २०१५. लिनक्सवर 'स्टीम' हे गेमिंग अ‍ॅप वापरणाऱ्या एका युजरने स्टीमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं आणि अ‍ॅप पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने बघतो तर त्याच्या सगळ्या फाइल्स गायब! बॅकअपसाठी जोडलेला एक्स्टर्नल ड्राइव्हही पुसला गेला होता.

हा व्हायरस नव्हता. स्टीम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमधल्या एका कमांडचा हा पराक्रम होता. 'स्टीमच्या फोल्डरमधलं सगळं पुसून टाक' असा तिचा अर्थ. पण स्क्रिप्टला फोल्डर सापडलं नाही, पत्त्याची जागा रिकामी राहिली आणि उरली फक्त एक तिरकी रेघ. लिनक्समध्ये त्या रेघेचा अर्थ होतो अख्खी फाइल सिस्टिम. युजरला जे जे पुसायची परवानगी होती, ते सगळं गेलं. विशेष म्हणजे कोड लिहिणाऱ्याने तिथेच 'स्केरी!' अशी टीप लिहून ठेवली होती. भीती वाटली, पण पत्ता रिकामा आहे का हे तपासायचं राहिलं. नंतर ही चूक दुरुस्त झाली.

बटणामागे कोण काम करतं?

बरीच बटणं स्वतः काहीच करत नाहीत. 'व्हिडिओ लहान करा' असं बटण असलेली अनेक अ‍ॅप्स आतून 'एफएफएमपेग' हा २००० साली सुरू झालेला प्रोग्रॅम चालवतात. त्याला खिडकी नाही, बटण नाही; कमांड टाइप करूनच तो चालतो. पायथनमध्ये 'टीकेइंटर' वापरून बटण बनवायचं आणि 'सबप्रोसेस' वापरून त्यामागे अशी कमांड जोडायची, हे नवशिक्यालाही पाच-दहा ओळींत जमतं.

गडबड त्यानंतर सुरू होते. कमांड संपेपर्यंत स्क्रिप्ट थांबून राहिली, तर खिडकीही गोठते आणि विंडोजवर ओळखीचं 'नॉट रिस्पॉन्डिंग' झळकतं. आत काम नीट चालू असतं, आपण मात्र वैतागून अ‍ॅप बंद करतो. म्हणून लांबलचक काम वेगळ्या थ्रेडमध्ये सोडतात.

फाइलच्या नावात काय एवढं?

खरा धोका इथेच आहे. समजा, फाइलचं नाव आहे 'आईचा वाढदिवस'. हे नाव कमांडच्या वाक्यात तसंच चिकटवून शेलकडे दिलं, तर मधल्या स्पेसमुळे त्या दोन फाइल्स वाटतात. लिनक्स आणि मॅकवर अर्धविराम म्हणजे 'ही कमांड संपली, पुढची चालव'. त्यामुळे कुणी पाठवलेल्या फाइलच्या नावात अर्धविराम आणि त्यापुढे पुसण्याची कमांड असेल, तर आपलंच बटण ती इमानेइतबारे चालवतं.

२०१६ मध्ये 'इमेजमॅजिक' या फोटो प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये याच जातीची त्रुटी सापडली होती. मुद्दाम तयार केलेली इमेज फाइल अपलोड करून सर्व्हरवर हव्या त्या कमांड चालवता येत होत्या.

यावरचा उपाय मात्र अगदी साधा आहे. सगळं एका वाक्यात न जोडता प्रोग्रॅमचं नाव, पर्याय आणि फाइल असे सुटे तुकडे यादी म्हणून द्यायचे, मध्ये शेल आणायचाच नाही. मग अर्धविराम हा नावातला एक अक्षरभर भाग राहतो.

आणि काम संपल्यावर कमांड एक आकडा परत देते: शून्य म्हणजे ठीक, दुसरं काही आलं तर बहुधा चूक. तो न बघताच 'झालं!' दाखवणारी बटणं कमी नाहीत.