फाटकात लोखंड किती उरलंय?

पावसाळा सरतो आणि दिवाळीच्या साफसफाईत अंगणाचं लोखंडी फाटक नजरेला खुपू लागतं. तांबडे ओघळ, फुगलेला रंग, जमिनीला घासणारा कोपरा. घरात कुणी म्हणतं, घासून रंग मारू. कुणी म्हणतं, मोडीत द्या. निर्णय होतो तो दिसण्यावरून, आणि फाटकाचं दिसणं हमखास फसवतं.

गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. भरीव सळईवर तीन मिलिमीटर जाडीची खपली आली, तरी खालचं लोखंड अर्धा ते दीड मिलिमीटरच गेलेलं असतं. १६ मिलिमीटरच्या सळईला तेवढं सोसतं. पोकळ चौकोनी पाइपाची मात्र भिंतच दीड-दोन मिलिमीटरची. शिवाय तो आतूनही कुजतो. बाहेरचा रंग शाबूत आणि आत काहीच उरलेलं नाही, असं सर्रास आढळतं.

गंज कुठे शोधायचा, हे मिठाच्या पाण्याचा एक थेंब सांगतो. साध्या पोलादाची पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि त्यावर हा थेंब ठेवा. काही तासांत थेंबात तांबूस कडं दिसू लागतं. मात्र लोखंड विरघळत असतं ते कड्याच्या आत, मधोमध. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांच्या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पोचतो. लोखंडाचे अणू मध्यभागी इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे ओल असेल पण हवा कमी पोचत असेल, तिथे झीज सर्वांत जास्त. फाटकात अशा जागा ठरलेल्या: खालच्या आडव्या पाइपात साचलेला चिखल, एकमेकांवर बसवलेल्या दोन पट्ट्यांमधली फट, रंगाचा फुगलेला पोपडा. किनाऱ्यावर खारं वारं यात भर घालतं, कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं.

म्हणून आधी खालच्या पाइपावर हातोडीने ठोकत जावं. खणखणीत आवाज येतो तिथे धातू आहे. आवाज बसका झाला की पेचकसाचं टोक दाबून पाहावं. ते आत गेलं, तर त्यावर पत्र्याचं ठिगळ लावणं म्हणजे नवी फट तयार करणं. कुजलेला भाग चांगल्या धातूपर्यंत कापून काढावा आणि तिथे नवा तुकडा जोडावा. खालचा एकच पाइप गेला असेल, तर एवढ्याने भागतं. उभे पाइपही तळाशी पोखरलेले असतील, तर वेल्डिंगचा टाका धरायला धातूच उरत नाही, भोकं पडत जातात. तिथे दुरुस्तीचा हट्ट सोडावा.

फाटक लोंबकळतंय एवढ्यावरून ते बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. एका बाजूचं दार ८० किलोचं, दीड मीटर रुंद आणि दोन बिजागऱ्यांत १.२ मीटर अंतर धरा. वरची बिजागरी सुमारे ५० किलोच्या जोराने खांबापासून ओढली जाते, खालची तेवढ्याच जोराने खांबावर दाबली जाते. दोष बहुधा वरच्या बिजागरीत किंवा खांबात असतो. चौकटच तिरकी झाली असेल, तर वरच्या बिजागरीपासून समोरच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ताणून जोडावी. त्रिकोणाचा आकार सहजासहजी बदलत नाही. गाडीच्या धक्क्याने वाकलेली साध्या पोलादाची सळईही एकदा सरळ करून चालते, मात्र तिच्या जोडांना तडा गेला नाही ना, हे बघावं.

जस्ताचा थर दिलेलं फाटक असेल, तर आणखी एक काळजी. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि वेल्डिंगची उष्णता त्याच्या कितीतरी पलीकडे जाते. जोडाभोवतीचा थर उडून जातो, त्याचा धूर छातीत गेला तर कारागिराला ताप भरतो. आधी तिथलं जस्त घासून काढावं, काम मोकळ्या हवेत करावं आणि नंतर जोडावर जस्तयुक्त प्रायमर द्यावा.

आणि नवंच करायचं ठरलं, तर खालच्या पाइपाला तळातून पाणी निघून जाईल अशी भोकं पाडायला कारागिराला सांगावं. जस्ताचा थर द्यायचा असेल, तर ती आधीच पाडावीत.