गच्ची विरारची, रेघ ऑक्सिजनची

दक्षिणेला वसईच्या खाडीपलीकडे भाईंदरपासून थेट मुंबईपर्यंत उजेडच उजेड. पूर्वेला हायवे, मधोमध स्टेशनं आणि टॉवर. अशा वसई-विरारच्या गच्चीवरून हजारो प्रकाशवर्षं दूरच्या तेजोमेघाचा फोटो निघतो का? निघतो, आणि फ्रेम करून भिंतीवर लावावा असा निघतो. ही करामत नॅरोबँड फिल्टरची. काचेची एवढीशी चकती, पण तिच्या निवडीत भौतिकशास्त्र, हवामान आणि खिसा असं सगळंच येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: चार पैसे जास्त घालायचे तर ते ऑक्सिजनच्या फिल्टरवर घाला. का, ते पुढे कळेलच.

शंभरातला एक भाग आत

आपल्याला दिसणारा प्रकाश ढोबळमानाने ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. ३ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर त्यातला फक्त शंभरावा भाग कॅमेऱ्यापर्यंत जाऊ देतो. एलईडी दिव्यांचा आणि चंद्राचा उजेड सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो, त्यामुळे तो जवळपास सगळा बाहेरच राहतो. तेजोमेघातला वायू मात्र मोजक्या रेघांतच उजळतो. हायड्रोजनची एच-अल्फा ६५६.३ वर, ऑक्सिजनची ओ-थ्री ५००.७ वर, गंधकाची एस-टू ही जोडरेघ ६७१.६ आणि ६७३.१ वर. नेमक्या तिथेच फट ठेवली की तेजोमेघ आत येतो आणि शहर बाहेर राहतं.

देवयानीला याचा फारसा उपयोग नाही

देवयानीसारख्या दीर्घिका, तारकागुच्छ आणि कृत्तिकांभोवतीचं निळसर धुकं यांच्याकडून येणारा प्रकाश ताऱ्यांचाच असतो, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर लावला की दिव्यांच्या उजेडाबरोबर तोही कापला जातो. त्यांच्यासाठी खरा उपाय एकच, अंधारं आकाश. आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे ते अजून मिळतं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला तर २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

विरार फास्टमध्ये न दिसणारी रेघ

ओ-थ्रीची हिरवी रेघ शास्त्रज्ञांच्या भाषेत ‘निषिद्ध’ आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा अणू उत्तेजित झाला, की हा प्रकाश सोडण्याआधी त्याला सरासरी ३५-४० सेकंद कुणाचाही धक्का न लागता थांबावं लागतं. आपल्या हवेत एका रेणूला दर सेकंदाला अब्जावधी धक्के बसतात. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये दादर ते बोरिवली कुणाच्याही अंगाला अंग न लावता उभं राहण्याइतकंच ते अशक्य. तेजोमेघात मात्र घन सेंटीमीटरमागे शेकडो, फार तर हजारो कण. तिथे अणूला हवा तेवढा निवांतपणा मिळतो आणि रेघ उमटते.

न सापडलेलं मूलद्रव्य

१८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एनजीसी ६५४३ या तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला, तेव्हा ही हिरवी रेघ दिसली. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. मग एका नव्या मूलद्रव्याची कल्पना निघाली आणि त्याचं बारसंही झालं: नेब्युलियम. ते साठ वर्षांहून जास्त काळ कागदावर जगलं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की हा आपल्या रोजच्या श्वासातलाच ऑक्सिजन, फक्त वेगळ्या परिस्थितीतला.

या गोष्टीत पुणं आहे

ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. बोवेन यांच्या कितीतरी आधी या रेघेवर इंग्लंडात मोठा वाद पेटला होता. नॉर्मन लॉकियर म्हणत होते की ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे. हगिन्स यांना ते मान्य नव्हतं. पट्ट्याची कड असेल तर रेघ एका बाजूला पुसट होत जाणार, स्वतंत्र रेघ असेल तर दोन्ही बाजूंनी धारदार दिसणार. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाची ही मुख्य रेघ तपासली आणि ती धारदारच असल्याचं १८९१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या पैशातून उभी राहिलेली त्यांची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये, ते निवृत्त झाल्यावर, बंद झाली. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण कोडाईकनालला गेली. आज विरारच्या गच्चीवर ओ-थ्री फिल्टर लावणारा माणूस हीच रेघ टिपत असतो. नायगमवालांचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

सोडियमचा शेजारी

रेघेची ओळख चुकल्याची आणखी एक गोष्ट: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या विजयदुर्गावरून गेला होता. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसलेली पिवळी रेघ आधी सोडियमची वाटली होती. ती निघाली हेलियमची. दोघांमध्ये अंतर दोन नॅनोमीटरपेक्षाही कमी.

डोळ्याला हिरवं, कॅमेऱ्याला लाल

अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो. ओ-थ्री त्याच्या अगदी शेजारी. म्हणून कॅमेऱ्याशिवाय, दुर्बिणीला डोळा लावून पाहणाऱ्यालाही ओ-थ्री फिल्टरचा फायदा होतो. एच-अल्फाचा लाल रंग मात्र त्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे आयपीसला एच-अल्फा लावून काळोखच दिसतो. तो फिल्टर कॅमेऱ्यासाठीच. आणि नेहमीचा डीएसएलआर घेतला तर त्याच्या आतला कारखान्यात बसवलेला फिल्टर एच-अल्फाचा बराच मोठा भाग आधीच अडवून बसलेला असतो. म्हणून तर कॅननने २०डीए, ६०डीए, ईओएस आरए आणि निकॉनने डी८१०ए असे खास आकाशासाठीचे कॅमेरे काढले होते.

ओ-थ्रीवर पैसे का घालायचे

आता मुद्द्याचं. स्वच्छ हवेत ५०० नॅनोमीटरचा प्रकाश ६५६ च्या प्रकाशापेक्षा जवळपास तिप्पट विखुरतो. म्हणजे चंद्राचा उजेड हिरव्या-निळ्या भागात आकाश जास्त धुवून काढतो. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा मुख्य उजेड ओ-थ्रीपासून बराच दूर होता. पांढऱ्या एलईडीचा उजेड ५०० च्या आसपास आधीच चढायला लागलेला असतो. त्यातून बहुतेक तेजोमेघांत ऑक्सिजनचा प्रकाश हायड्रोजनपेक्षा मंद. गुन्हेगार सगळे एकाच बाजूला, आणि शिकार नाजूक. एच-अल्फात ७ नॅनोमीटरचा साधा फिल्टरही आपल्याकडे छान काम करतो. ओ-थ्रीत ७ वरून ३ वर आलात तर मागचं आकाश निम्म्याहून जास्त काळं होतं आणि तेवढ्यातच लपलेले तंतू वर येतात.

यातूनच एक घरगुती नियम निघतो. पौर्णिमेच्या आसपास एच-अल्फा घ्या. ओ-थ्री अमावास्येच्या आसपासच्या रात्रींसाठी राखून ठेवा.

एकट्या ओ-थ्री फिल्टरने केवढं काम होऊ शकतं हे पाहायचं तर देवयानीकडेच परत बघावं लागेल. तीन हौशी निरीक्षक, मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हिए स्ट्रॉटनर आणि यान सँती, यांनी २०२२ मध्ये त्या दीर्घिकेच्या शेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशात एक प्रचंड कमान शोधून काढली. जगातल्या सगळ्यात जास्त फोटो निघालेल्या दीर्घिकेच्या बाजूची ही गोष्ट तोवर कुणाच्याच नजरेला पडली नव्हती, कारण तिथे ओ-थ्री फिल्टर लावून एवढा वेळ कुणी थांबलंच नव्हतं.

अरुंद म्हणजे नेहमीच चांगला? नाही

हायड्रोजनच्या ६५६.३ शेजारी ६५८.४ वर नायट्रोजनची रेघ आहे. ७ नॅनोमीटरच्या फिल्टरमधून तीही आत येते, ३ च्या फिल्टरमधून येत नाही. काही ग्रहीय तेजोमेघांत नायट्रोजन जोरदार असतो, तिथे रुंद फिल्टरने जास्त प्रकाश मिळतो. ओ-थ्रीचंही तसंच: ५००.७ ची एक धाकटी बहीण ४९५.९ वर आहे, साधारण एक तृतीयांश तेजाची. ३ काय, ७ नॅनोमीटरमध्येही ती सुटते, तिच्यासाठी त्याहून रुंद फट लागते. शिवाय फिल्टर जितका अरुंद तितकी फोकस आणि गायडिंगची कसोटी. एकेक फ्रेम पाच-पाच मिनिटांची घ्यावी लागते. माउंट डळमळीत असेल तर आधी माउंटवर खर्च करा.

फिल्टर तिरका करून बघा

ओ-थ्री फिल्टर दोन बोटांत धरा, पांढऱ्या भिंतीकडे बघा आणि हळूहळू तिरका करा. हिरवट रंग निळ्याकडे सरकताना दिसेल. काचेवर धातूंच्या ऑक्साइडचे अतिपातळ थर एकावर एक चढवलेले असतात. प्रकाश तिरपा आला की त्या थरांमधला हिशेब बदलतो आणि फट निळ्या बाजूला सरकते.

आता हीच गोष्ट दुर्बिणीत. एफ/४ च्या नळीत कडेचे किरण ७ अंशांनी तिरके येतात, तेव्हा एच-अल्फाची फट एक-दीड नॅनोमीटर सरकते. सेलेस्ट्रॉनच्या रासासारख्या एफ/२ च्या नळीत कडेला हे सरकणं पाच नॅनोमीटरच्या घरात जातं. म्हणजे ३ नॅनोमीटरचा महागडा फिल्टर त्या किरणांपुरता तेजोमेघालाच अडवतो! एफ/२ साठी आधीच सरकवून बनवलेले ‘हाय स्पीड’ फिल्टर वेगळे मिळतात. फिल्टर विचारण्याआधी आपल्या दुर्बिणीचा एफ क्रमांक बघायचा तो यासाठी.

बाणातला तारा, फिल्टरची परीक्षा

मृगाच्या पोटातल्या बाणातला अल्निटॅक तारा अश्वमुख तेजोमेघाला अगदी खेटून आहे. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये, त्यातही ओ-थ्रीत, त्याच्याभोवती मोठी फिकट थाळी उमटते. काचेच्या दोन बाजूंमध्ये प्रकाशाची ये-जा झाल्याची ती खूण. फिल्टर विकत घेण्याआधी त्याच फिल्टरने काढलेला अल्निटॅकचा फोटो बघायला मागा. जाहिरातीतल्या आलेखापेक्षा तो जास्त खरं बोलतो.

रंगीत कॅमेऱ्याचं गणित

रंगीत सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे एकच लाल. एच-अल्फाचा एकटा फिल्टर लावला तर उरलेले तीन रिकामे बसतात. त्यावर तोडगा म्हणजे ड्युअल-बँड: एकाच काचेत एच-अल्फा आणि ओ-थ्री अशा दोन फटी. ऑप्टोलाँगच्या एल-एक्स्ट्रीमच्या फटी ७ नॅनोमीटरच्या, अँटलियाच्या एएलपी-टीच्या ५ च्या, ऑप्टोलाँगच्याच एल-अल्टिमेटच्या ३ च्या. लाल पिक्सेल हायड्रोजन घेतात, हिरवे-निळे ऑक्सिजन. एका रात्रीत दोन वायू. महिन्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या स्वच्छ रात्री मिळणाऱ्या किनारपट्टीवर ही मोठी गोष्ट आहे.

हबलचे रंग

हायड्रोजन आणि गंधक, दोन्ही रेघा लालच. वेगळ्या दिसाव्यात म्हणून गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला जातो. १९९५ मध्ये हबलने टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या ‘निर्मितीच्या स्तंभां’मुळे ही रंगसंगती जगभर पोचली. एस-टू फिल्टर मात्र सगळ्यात शेवटी घ्या. त्याचा प्रकाश बहुधा सगळ्यात मंद.

आपल्या डोक्यावर काय येतं

वसई-विरार साधारण १९.४ उत्तर अक्षांशावर. त्यामुळे वृषभेतला क्रॅब, मिथुनेतला जेलीफिश आणि जंबुकातला डंबेल हे तिन्ही तेजोमेघ आपल्या माथ्यापासून साधारण तीन अंशांवरून जातात. माथ्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ, म्हणून सुरुवात यांच्यापासून करावी. धनू राशीतला लगून ४६ अंशांपर्यंत चढतो. लंडनवाल्यांना तो जेमतेम १४ अंशांवर मिळतो. पण त्याचा ऐन हंगाम आपल्या पावसाळ्यात बुडतो. ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यावर तो नैर्ऋत्येला, समुद्राच्या अंगाला असतो आणि दहाच्या सुमारास मावळतो. राजोडी-कळंबच्या बाजूने तेवढी फट साधायची. दक्षिणेचा एटा कॅरिना तेजोमेघ युरोपातून उगवतच नाही. आपल्याकडे एप्रिलच्या मध्याला रात्री दहाच्या आसपास तो ११ अंशांवर येतो, नेमका भाईंदर-मुंबईच्या उजेडावर. तिथे पाचपट हवेतून बघावं लागतं. एच-अल्फाशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

खारी हवा

किनाऱ्यावरची दमट हवा फिल्टरच्या थरांची वैरी. बुरशी धरली की ती काच गेलीच समजा. वापर झाला की हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा. पावसाळ्यात जेल अधूनमधून गरम करून कोरडी करा. पुसायचंच असेल तर आधी ब्लोअरने मिठाची धूळ उडवा, मग कापड. उलटं केलंत तर ओरखडे पडतात.

सूर्याकडे चुकूनही नाही

तेजोमेघांचा एच-अल्फा फिल्टर हा सूर्याचा फिल्टर नव्हे. सूर्यासाठीचे एच-अल्फा फिल्टर ०.१ नॅनोमीटरहूनही अरुंद असतात आणि त्यांच्यासोबत उष्णता अडवणारी वेगळी काच असते. तेजोमेघाच्या फिल्टरमधून सूर्य पाहिला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. घरात मुलं असतील तर त्यांना हे फिल्टर हातात देण्याआधीच सांगा.

शेवटी, घ्यायचं काय?

रंगीत कॅमेरा आणि एफ/५ च्या आसपासची नळी असेल तर ५ ते ७ नॅनोमीटरचा ड्युअल-बँड, आणि वर्षभर दुसरं काही नाही. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा असेल तर आधी ६-७ नॅनोमीटरचा साधा एच-अल्फा, त्यानंतर खिशाला परवडेल तेवढा चांगला ३ नॅनोमीटरचा ओ-थ्री, आणि एस-टू सवडीने. सेन्सर लहान असेल तर सव्वा इंची फिल्टर पुरतो. एपीएस-सी किंवा मोठा असेल तर थेट दोन इंची घ्या, म्हणजे पुढे कॅमेरा बदलला तरी फिल्टर बदलावा लागणार नाही. आणि पहिली खरेदी करण्याआधी खगोल मंडळासारख्या संस्थेच्या वांगणीच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन या. तिथल्या जुन्याजाणत्यांना विचारलंत, तर कुठला फिल्टर घेऊ नये हेही कळेल.