गॅरेजच्या जिप्सम भिंतीवर पत्रा लावताय? आधी भिंतीच्या आत पाहा

बंगल्याच्या किंवा रो हाउसच्या गॅरेजमध्ये जिप्सम बोर्डचे पार्टिशन असेल, तर त्याचे हाल लवकर होतात. गाडीच्या दाराचा धक्का, दुचाकीचे हँडल, पावसात भिजून आलेली गाडी यांमुळे बोर्डाला पोचे पडतात, खालची कड फुगते. त्यावर रंगीत पत्र्याचे पॅनेल बसवले की भिंत नवी दिसते. धक्क्यापासून ती वाचतेही. पण ओल, वजन आणि वीज या तीन गोष्टी पाहिल्या नाहीत, तर तोच पत्रा त्रासाचा ठरतो.

ओल आधी का तपासायची?
जिप्सम बोर्ड खालच्या कडेने पाणी शोषून घेते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून मुठा नदीत मोठा विसर्ग झाला, तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरले होते. अशा पाण्यात भिजलेले बोर्ड वरून कोरडे दिसले, तरी आतून भुसभुशीत झालेले असते. त्यावर पत्रा ठोकला की ओल कोंडते, बुरशी वाढते आणि पत्रा मागून गंजतो. बोटाने दाबून पाहा. बोर्ड मऊ लागले, तर तेवढा भाग कापून ओलावारोधक हिरवे बोर्ड लावा. गळती असेल तर ती आधी बंद करा.

बोर्ड पत्र्याचे वजन पेलेल का?
अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे ४ किलो भरतो, पन्हळी असेल तर थोडा जास्त. १० फूट लांब आणि ८ फूट उंच भिंतीला ३० ते ३५ किलो पत्रा लागतो. हे ओझे साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डावर टाकायचे नसते. ते बोर्डामागच्या उभ्या स्टडवर गेले पाहिजे. हे स्टड बहुधा दोन-दोन फुटांवर असतात. भिंतीवरून चुंबक फिरवला की बोर्डाचे स्क्रू सापडतात, त्यांच्या उभ्या रांगेत स्टड असतो. सायकल किंवा जड रॅक टांगायचा असेल, तर त्याचा आधारही थेट स्टडवर किंवा मूळ विटांच्या भिंतीवर घ्या, पत्र्यावर नको.

पत्रा उभा की आडवा?
पन्हळी उभ्या ठेवायच्या असतील, तर आधी स्टडवर आडव्या पट्ट्या मारून घ्याव्या लागतात. त्यात काम थोडे वाढते, पण पत्र्यामागे हवा खेळते. खाली जमिनीपासून इंचभर आणि वर थोडी फट सोडा, म्हणजे गाडी धुतल्यावर पाणी पत्र्याला लागून राहणार नाही. कापलेल्या कडांवरचा जस्ताचा थर निघालेला असतो. तिथे जस्तयुक्त रंग लावा आणि धारेवर कडपट्टी बसवा, नाहीतर हात कापेल.

सगळ्यात मोठा धोका कुठला?
विजेचा. पार्टिशनच्या पोकळीतूनच वायरिंग गेलेले असते. गरजेपेक्षा लांब स्क्रू वायरमध्ये घुसला, तर अख्खी भिंत ‘लाइव्ह’ होऊ शकते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी मेन स्विच बंद करा आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका. पत्र्याला अर्थिंग जोडून घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली नसेल, तर बसवा. गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गाडी चार्ज होत असेल, तर ही तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

एसीपी चालेल का?
एसीपी म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये भरलेला थर. हा थर साध्या पॉलिथिलीनचा असेल, तर तो पेट घेतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा जीव गेला. बाहेरच्या भिंतींवर लावलेले असेच पॅनेल आग पसरण्याचे मुख्य कारण ठरले. गॅरेजमध्ये पेट्रोल आणि चार्जर दोन्ही असतात. तिथे साधा पोलादी पत्रा बरा. मागचे जिप्सम बोर्ड मात्र काढू नका. त्यात बांधलेले पाणी असते आणि ते आगीचा वेग कमी करते.

सोसायटीत परवानगी लागते का?
२०१६ च्या ‘रेरा’ कायद्याप्रमाणे गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. इमारतीखालचे मोकळे स्टिल्ट पार्किंग त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशी जागा सामाईक मानली. त्यामुळे तिथल्या खांबांना किंवा भिंतींना पत्रे मारण्याचा विचार असेल, तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

कारागिराला काय विचारायचे?
स्टड कुठे आहेत, स्क्रू किती लांबीचा वापरणार, खाली फट किती सोडणार आणि वायर कुठून गेली आहे, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे मिळाल्यावर पत्रा चढवण्यापूर्वी उघड्या भिंतीचे फोटो काढून ठेवा. पुढे कधी ड्रिल मारायची वेळ आली, तर वायर आणि स्टडची जागा त्यातच सापडेल.