राणीच्या बागेत, वाटाड्याविना

"आजोबा, तू घरी नुसता लिहीतच तर बसतोस," असं म्हणून नातीने मला शाळेच्या सहलीला जुंपलं. चौथीचा वर्ग, तीस मुलं आणि ठिकाण भायखळ्याची राणीची बाग. दोन बाई आणि पालक म्हणून आम्ही चौघं, अशी सहा मोठी माणसं. (नोकरीवाल्या आईबापांना रजा कुठली? चौघांत तीन आजी-आजोबाच होते.) माहिती सांगायला बागेतलं कुणी मिळालं नव्हतं, म्हणून सकाळी मला जरा चुटपुट लागली होती.

बागेची सहल कशी असते ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. दोन-दोनच्या रांगा, 'हात सोडू नका'चा गजर, पिंजऱ्यांपुढून धावती फेरी, डबा आणि परत. 2017 साली पेंग्विन पाहायला खुले झाले, तेव्हापासून रांग थेट तिकडेच वळते. पेंग्विनांशी माझं वैर नाही. पण ही मुळात झाडांची बाग. आधी ती शिवडीला होती. पुढे भायखळ्याला आली आणि 1862 साली 'व्हिक्टोरिया गार्डन्स' म्हणून उघडली. प्राणी मागाहून आले. आज जिजामातांचं नाव तिला आहे, तरी टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग' म्हटलं की पुरतं.

वर्गाच्या बाई वयाने माझ्या मुलीहून लहान. पण आदल्या दोन रविवारी त्या एकट्या बागेत येऊन फिरून गेल्या होत्या. इथल्या तीन हजारांहून अधिक झाडांतून त्यांनी सहाच निवडली. पाच मुलांचा एक गट, गटाला एक झाड, एक वही आणि सुतळीचा गुंडा. अर्धा तास ते झाड बघायचं आणि डबे खाऊन झाले की त्याच गटाने बाकीच्यांना ते दाखवायचं. मोठ्यांना एकच ताकीद होती : नाव शेवटी सांगा. "नाव कळलं की मुलं बघायची थांबतात हो," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं लिहितो आहे, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या वाट्याला आलं ते रांजणासारखं फुगलेलं खोड. पाचजणांनी हात धरून वेढा घातला, तो पुरेना. मग मलाही साखळीत ओढलं. गुडघे कुरकुरले, पण गाल सालीला टेकला तेव्हा ती किती गार असते ते समजलं. वर लांब देठांना मखमली फळं लोंबत होती. "उंदीर टांगलेत!" एकजण ओरडला आणि वहीत तसंच लिहिलं गेलं. एवढं जाड कशाला, यावर बराच वाद झाला. पोटात पाणी साठवत असेल, हे उत्तर त्यांचं त्यांनीच काढलं. मग मी जवळचं थोडं दिलं. हे मूळचं आफ्रिकेतलं. पावसाच्या तोंडाशी याला पांढरी फुलं येतात, ती रात्री उमलतात आणि परागीभवनाला वटवाघळं येतात. अरब व्यापाऱ्यांनी ते इकडे आणलं असं मानतात. याच्याच सावलीत गोरखनाथ शिष्यांना शिकवीत, अशी आख्यायिका आहे. नाव सर्वांत शेवटी : गोरखचिंच. "म्हणजे शाळा झाडाखालीच होती," नात म्हणाली.

दुपारी दाखवादाखवी झाली आणि निघताना बाईंनी मुलं मोजली. एकोणतीस. पुन्हा मोजली. एकोणतीसच.

बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, की सगळी शाखा थांबायची. पण ते शेवटी रुपये होते. इथे माझ्या पायांतलं बळच गेलं. बाईंचा चेहरा पांढराफटक. सात मिनिटांनी तो मुलगा सापडला, कैलासपतीपुढे. फुलं फांदीला न येता खोडालाच का येतात, याचं त्याच्या गटाला उत्तर मिळालं नव्हतं. फुलं कुणी चिकटवली आहेत की काय, हे पाहायला तो परत गेला होता. "फणस कुठे लागतो? उंबर?" मी विचारलं. तो विचारात पडला. रडण्याबिडण्याचा पत्ताच नव्हता.

बाईंना मात्र दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा मागण्यात आला. पुढच्या वर्षी सहल बंदिस्त रिसॉर्टला न्यावी, असा विचार चालू आहे म्हणे. शाळेची भीती मला कळते. त्या सात मिनिटांत मीही काय काय नवस बोललो होतो! गटागटाला एकेक मोठं माणूस होतं, तरी दाखवादाखवीच्या गर्दीत आम्ही सगळेच ढिले पडलो. मधे एकदा मोजायला हवं होतं. चूक सहाजणांची आहे, एका बाईंची नाही. मी दोन पानी पत्र लिहून शाळेत दिलं. मोजणीच्या वेळा ठरवा, प्रत्येक मोठ्या माणसाकडे पाच नावांची यादी द्या, पण बाग बंद करू नका, असं त्यात आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

दरम्यान त्या मुलाच्या आईचा फोन आला. मला वाटलं, आता झाडणार. तर म्हणाली, "काका, येत्या रविवारी त्याला पुन्हा न्याल का? आम्हीही येतो." बुधवारी बाग बंद असते, रविवारी उघडी. नातीने सुतळीचा गुंडा काढून ठेवला आहे.