भिंत दोघांची, मग तपासणारा कुणाचा?



ऊसबिल जमा झाले की लिंबागणेशसारख्या गावात जुने माळवद उतरवून स्लॅबचे घर बांधायचे ठरते. पण मधली दगड-मातीची भिंत सामाईक असते; शेजाऱ्याच्या तुळयाही तिच्यावरच टेकलेल्या असतात. पाया खणताना ती खचली, की भाऊबंदकी कोर्टात जाते.

म्हणून कुदळ मारण्याआधी हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज द्यावा. स्वामित्व योजनेतून (२०२०) मिळकत पत्रिका मिळाली असेल, तर ती सोबत ठेवावी. मात्र मोजणीने हद्द कळते, भिंतीची ताकद नव्हे. त्यासाठी इंजिनिअर लागतो. आम्ही सुचवितो: तो कुणाचा सोयरा नसावा, बांधकामाचा ठेका त्याच्याकडे नसावा आणि फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यावी. भेगा, ओळंबा, पायाची खोली त्याने दोघांसमक्ष लिहावी. फोटो काढून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.

इंग्लंडात १९९६ च्या कायद्याने दोघा शेजाऱ्यांना मिळून एकच तपासनीस नेमता येतो. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. तेव्हा आपसातला लेखी करार हाच आधार. भिंत पुन्हा बांधता येते. तुटलेला शेजार जोडणे अवघड.