नुसती वाहवा नको, चूक दाखवा!

मुलाने संगणकावर चित्र काढले की 'छान!' म्हणून आपण मोकळे होतो. आम्हीही तेच करीत आलो. आमचा मुलगा आठवडाभर आजीचा चेहरा रंगवीत होता. त्याच्या मैत्रिणीने ते चित्र आरशातल्यासारखे उलटे करून दाखविले. 'क्रिता' या मोफत प्रोग्रॅममध्ये 'एम' ही कळ दाबली की तसे होते. एक डोळा खाली घसरलेला लगेच दिसला. मग तिने रंग काढून चित्र करडे केले, तर नाक नि गाल एकाच छटेत विरले. उजेड-सावलीच नव्हती!

मुलगा हिरमुसला. दोन दिवस चित्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी आजीला खिडकीपाशी बसवून त्याने फक्त काळ्या, करड्या, पांढऱ्या छटांत चेहरा पुन्हा काढला. आजी म्हणाली, "आता मी दिसते रे!"

पालकांनो, रोज अर्धा तास सराव आणि आठवड्यातून एकदा चार मित्रांची बैठक, एवढे घडवून आणा. काढणाऱ्याने विचारावे, 'उजेड कुठून येतोय, कळते का?' पाहणाऱ्याने एकच चूक नेमकी सांगावी. माणसाला नावे ठेवू नयेत. आणि जुने चित्र पुसू नये. नवे त्याच्याशेजारी ठेवले की प्रगती आपोआप कळते.