कल्पनेतली गोळी आणि उष्णतेचा हिशेब

विज्ञानकथेतलं पिस्तूल म्हटलं की लेझरचा झोत आठवतो. पण धातूची गोळी झाडणारी पिस्तुलंही या कथांमध्ये भरपूर आहेत. त्यांतलं एक आम्ही आज निवडलं आहे: 'मास इफेक्ट' या २००७ सालच्या व्हिडिओ गेममधलं.

या पिस्तुलात काडतुसं नाहीतच. आत धातूचा एक ठोकळा असतो. चाप ओढला की त्यातून वाळूच्या कणाएवढा तुकडा कापला जातो. 'एलिमेंट झिरो' या काल्पनिक द्रव्याच्या जोरावर तो प्रचंड वेगाने सुटतो. एका ठोकळ्यात हजारो गोळ्या! मग या गोळ्या संपणार कधी?

ते काल्पनिक द्रव्य क्षणभर बाजूला ठेवू आणि साधा हिशेब करू. आजच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी साधारण ८ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३६० मीटर. म्हणजे ऊर्जा झाली सुमारे ५०० ज्यूल. तेवढीच ऊर्जा एक मिलिग्रॅमच्या कणाला द्यायची, तर त्याचा वेग हवा सेकंदाला सुमारे ३२ किलोमीटर. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तो इथे नेहमीच्या गोळीच्या नव्वदाव्या भागाएवढाच भरतो. म्हणजे हाताला धक्का जवळजवळ नाहीच. छान वाटतं ना?

पण दोन अडचणी आहेत. पहिली हवेची. आकाशात उल्का चमकते, तेव्हा असाच एखादा कण अशाच वेगाने हवेत शिरून जळत असतो, आणि तीही वरच्या विरळ हवेत. जमिनीलगतच्या दाट हवेत आपली गोळी लक्ष्य गाठण्याआधीच वाफ होऊन जाईल. चंद्रावर मात्र चालेल.

दुसरी अडचण उष्णतेची. कोणतंही यंत्र सगळी ऊर्जा गोळीला देत नाही. समजा, प्रत्येक गोळीमागे ५०० ज्यूल पिस्तुलातच राहिले. एक किलो पोलादाचं तापमान त्याने साधारण एक अंशाने वाढतं. एवढ्याने काय होतंय, असं वाटेल. पण लागोपाठ शंभर गोळ्या झाडा, हाताला चटकाच बसेल! आणि चंद्रावर तर पिस्तूल निववायला हवाही नाही.

गेमच्या लेखकांनी हे ओळखलं होतं. पहिल्या भागात पिस्तूल तापलं की थांबावं लागतं. २०१० च्या दुसऱ्या भागात 'थर्मल क्लिप' आली. ती उष्णता शोषते, तापली की काढून टाकायची आणि नवी बसवायची. काही खेळाडूंना हा बदल रुचला नाही; पुन्हा काडतुसंच आणली, असं त्यांना वाटलं. आम्हाला मात्र यातली कल्पना मोलाची वाटते. इथे सैनिक खिशात बाळगतो तो धातू नव्हे, तर उष्णता साठवायची जागा. तीच त्याचा दारूगोळा.

लेखकाने निसर्गाचा एखादा नियम मोडला, तर आपण हरकत घेत नाही. पण बाकीचे नियम त्याने पाळले, तरच पुढची गोष्ट पटते. तेव्हा पुढच्या वेळी अशी कथा वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: धक्का कुठे गेला? आणि उष्णता कुठे गेली?